शनिवारी न लिहिणारा माणूस

एझ्रा मास्तरांवर माझा पुरता विश्वास कधीच बसला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही बरं लिहिलं तर ते शोकसभेतलं बरं आहे असं कुणी समजू नये. माणसावर लगेच विश्वास ठेवायची आमच्या घरात पद्धतच नव्हती. आजोबा महूच्या छावणीत शिपाई, बाबा इंदूरच्या कापड मिलमध्ये विणकर, आणि मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, बी.कॉम., सेकंड क्लास. तिघांनाही वरून गोड बोलणारी माणसं भरपूर भेटली होती. त्यामुळे कुणी भलं करायला आलं की आम्ही आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचो.

मास्तर तर गोडही बोलायचे नाहीत. मग हा माणूस आपल्या ओट्यावर येऊन का बसतो, हा संशय अगदी सुरुवातीपासूनचा.

ते मिलमध्ये कापड तपासायचे. साच्यावरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेलं कापड त्यांच्या तिरक्या टेबलावर उजेडासमोर ओढलं जायचं. कुठे तार तुटली, बाणा, म्हणजे आडवा दोरा, सुटला, तेलाचा डाग पडला, की मास्तर हात वर करायचे, कापड थांबायचं, आणि त्या जागी ते काठाला लाल दोरा बांधायचे. ज्याच्या ताग्याला दोरे जास्त त्याला खात्यात बोलावणं. बाबा घरी येऊन पायातल्या चपला जरा जोरात काढायला लागले की आईला कळायचं.

"आज पुन्हा तीन. त्या शनिवार तेल्याला माझ्याच ताग्यात खोट दिसते."

मास्तर यहुदी होते. मराठी बोलणारे, मूळ कोकणातले, बेने इस्राएल. त्यांचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून तिकडे त्यांना शनिवार तेली म्हणत. मास्तरांचे वडील आणि माझे आजोबा महूला एकाच पलटणीत होते. त्या नात्यानं मास्तर दर रविवारी आमच्याकडे येत आणि बाबा आठवडाभर शिव्या घालून रविवारी त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगत.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं, "मास्तर, दुसऱ्याचे दोष दाखवून पगार घेता. बरं वाटतं तुम्हाला?"

ते रागावले नाहीत. "जो माल फेकायचा असतो त्याला मी दोरा बांधत नाही, ग्रॅज्युएट. तो तसाच चिंधीत जातो. दोरा बांधला म्हणजे रफूवालीला सांगितलं, बाई, इथं बस, इथं सुई घाल."

उत्तर मला पटलं, आणि म्हणूनच आवडलं नाही. इतकं तयार उत्तर ज्याच्याकडे असतं त्यानं ते आधी चार ठिकाणी वापरलेलं असतं.

'ग्रॅज्युएट' हे माझं नाव त्यांनीच पाडलं. माझा निकाल लागला त्या दिवशी आईनं मला नवीन साडी घेतली होती. आकाशी, बारीक बुट्ट्यांची. गल्लीतल्या बायका बघून गेल्या, हातावर पेढे घेऊन गेल्या. मास्तर आले, अभिनंदन म्हणाले, आणि पदराचं टोक अंगठा आणि बोटांमध्ये घेऊन चोळलं. कुणाचंही कापड असं चोळून बघायची त्यांना सवयच होती. एकदा तर त्यांनी बँकेतल्या साहेबाची बाही धरली होती. पदर धरूनच मला म्हणाले, "कापड चांगलं आहे. इथं तीन तारा सुटल्यात." आई आत निघून गेली. बाबा म्हणाले, "मास्तर, आज तरी." मास्तर म्हणाले, "आज सांगितलं तर दुकानदार बदलून देईल. उद्या नाही देणार." मी साडी बदलून आणली नाही. हट्टानं तीच नेसत राहिले आणि दर वेळी माझी नजर त्या तीन तारांवर जात राहिली.

शनिवारी ते चूल पेटवायचे नाहीत, सायकल काढायचे नाहीत, पेन हातात धरायचे नाहीत. मिल चालू होती तेव्हा एका जुन्या मॅनेजरनं त्यांना शनिवारऐवजी रविवारी सकाळी येऊन तुंबलेलं कापड बघायची सवलत दिली होती. ते सकाळी तिथून सुटायचे ते थेट आमच्याकडे यायचे. हे मला नीट माहीत होतं. त्यांच्या घरी मी जेवलेय. हन्नाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मोठ्या दुखण्यातून उठल्या तेव्हा त्यांनी नवस फेडला, त्याला मलिदा म्हणतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर पाच फळं, ताटाच्या मधोमध गुलाब, आणि एलियाहू हन्नाबीच्या नावानं गाणी. हा एलियाहू त्यांचा जुना नबी, म्हणजे संदेष्टा. कोकणातल्या वाटेवरून तो रथातून स्वर्गात गेला असं ते मानतात. बाबांनी ताटातले पोहे पाहिले, इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, "शेव नाही?"

"नबी मालव्यातला नाही, वामन," मास्तर म्हणाले.

मास्तरांकडे वडिलांच्या वेळचं एक मराठी पुस्तक होतं, त्यांच्या सगळ्या नबींचं. त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर फाटल्यावर त्यांनी मिलच्या लाँगक्लॉथचा तुकडा चिकटवला होता. ते घेऊन ओट्यावर बसायचे आणि त्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल असं बोलायचे की जणू ती दुसऱ्या पाळीला कामाला आहेत.

"हा आमोस बघ. शिकलेला नाही, ग्रॅज्युएट. मेंढ्या राखायचा, लवकर पिकावीत म्हणून झाडावरची उंबरं टोचायचा. उठला आणि गेला सरळ राजाच्या देवळात. म्हणाला, तुमच्या तागड्या खोट्या आहेत, तुमची गाणी बंद करा. पुजारी म्हणाला, बाबा रे, तुझ्या गावी जा, तिथं बोल, तिथं पोट भर."

"मग गेला?" बाबांनी विचारलं.

"एवढं ऐकून तो गप्प बसला असता तर त्याचं नाव कशाला राहिलं असतं? म्हणून तर असल्या माणसांना कुणी जेवायला बोलवत नाही."

त्यांचा आवडता मात्र योना. त्याला एका शहरात जाऊन सांगायचं होतं, चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार. सांगितलं. लोक घाबरले, सुधारले, नाश झाला नाही. तर हा रुसून गावाबाहेर जाऊन बसला, की माझा शब्द खोटा पडला. हे सांगताना मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. "अरे, खोटा पडावा म्हणूनच तर बोलायला पाठवला होता!"

आमच्या घरात देव, नवस, भाकीत यांना कधीच रजा दिलेली. भिंतीवर एकच फोटो, आणि तो आपल्या डोक्यानं विचार करा म्हणणाऱ्याचा. त्यामुळे मी हे सगळं हिशेब तपासणाऱ्या बाईसारखं ऐकायचे. एकदा म्हटलं, "मास्तर, हे तुमचे नबी शेवटी गोड का होतात? पन्नास पानं आग, आणि शेवटी द्राक्षांचे मळे आणि नाचणाऱ्या पोरी. मला तर वाटतं शेवटची पानं नंतर कुणीतरी चिकटवली."

मास्तर एकदम खूश झाले. "असं म्हणणारे पंडितही आहेत म्हणतात. चिकटवली असतील. पण ज्यानं चिकटवली त्याला आधीची पन्नास पानं फाडायची सोय होती ना? फाडली नाहीत त्यानं." मग चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "नुसती खोट सांगून थांबतो तो चहाडखोर. नुसतं सगळं ठीक होईल म्हणतो तो पुढारी. दोन्ही एकाच तोंडानं सांगायला लागतं, आणि तसं सांगणारा माणूस लोकांना संशयी वाटतो."

"मलाही वाटतो," मी म्हटलं.

"वाटू दे. फुकट आहे ते."

मिल एका दिवसात बंद पडली नाही. आधी तिसरी पाळी गेली. मग कापूस असा यायला लागला की बाबा हातात घेऊन म्हणायचे, हा तर गादीतही घालू नये. मग एक दिवस गेटवर नोटीस. नव्वदच्या आसपासचे ते दिवस. इंदुरात एकेका मिलचा भोंगा गप्प होत होता, आणि पेपरात रोज परदेशी कंपन्या, नवी दुकानं, नवा जमाना. आमच्या गल्लीत त्या नव्या जमान्यातलं पहिलं काय आलं असेल तर दुपारी घरी बसलेले बाप.

कामगारांनी समिती केली. दुबेजी तिचे पुढारी. समितीनं गेटवर एक रजिस्टर ठेवलं. रोज सकाळी प्रत्येक कामगारानं येऊन त्यात सही करायची (मास्तर स्टाफमधले, त्यांचं नाव त्यात नव्हतं), म्हणजे मालकाला म्हणता येणार नाही की माणसं सोडून गेली. ज्याच्या सह्या खंडित, त्याचा हक्क संपला, असं सगळे मानत. कायद्यात तसं काही होतं का, हे मी बी.कॉम. असूनही तपासलं नाही. बाबा रोज सकाळी दाढी करून, डबा घेऊन, बंद मिलच्या गेटवर सही करायला जायचे.

दोन वर्षांनंतरच्या एका गेट मीटिंगला मीही गेले होते. समितीचे अर्ज तेव्हा मीच लिहायचे आणि दुबेजी माझी ओळख 'अपनी ग्रॅज्युएट बिटिया' अशी करून द्यायचे. ते मला आवडायचं, खोटं कशाला सांगू. दुबेजी स्टुलावर चढले. "भिया लोगों, लिख के ले लो! दो महीने में भोंगा बजेगा!"

टाळ्या. आणि मागून आवाज आला, "आमेन!"

सगळे वळले. एझ्रा मास्तर. ते हिंदीत बोलले. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेली. "आमेन, दुबेजी. आपके मुँह में साखर पडे. मेरा भी टेबल अंदर है. पण दो साल में एक फिटर अंदर गया क्या? कापूस का एक गठ्ठा आया क्या? बॉयलरवाला तो गाँव जाके भैंस पाल रिया है. भोंगा बजाएगा कौन?"

कुणीतरी हसलं. मग कुणीतरी म्हणालं, "अबे, ये किसका आदमी है?" त्यानंतर कुणी हसलं नाही.

संध्याकाळी बाबांनी त्यांना ओट्यावर गाठलं. "काय गरज होती, मास्तर?"

मास्तरांनी नेहमीप्रमाणे एक गोष्ट काढली. यिर्मया नावाचा नबी मानेवर लाकडी जू घेऊन भर गावात फिरायचा. म्हणायचा, आपली माणसं कैदेत गेलीत, ती लवकर सुटणार नाहीत. दुसरा एक नबी आला, हनन्या. त्यानं सगळ्यांसमोर ते जू मोडलं आणि सांगितलं, दोन वर्षांत सगळे घरी! लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. यिर्मया म्हणाला, आमेन, असंच होवो. पण तसं होणार नाही. आणि त्यानं त्या कैदेतल्या लोकांना पत्र लिहिलं, सत्तर वर्षं लागतील. जिथं नेऊन टाकलंय तिथंच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा.

"मग लोकांनी काय केलं त्याचं?"

"हौदात टाकलं. पाणी नव्हतं, चिखल होता. म्हणाले, हा शिपायांचे हात ढिले करतो, शत्रूचा माणूस आहे."

"मेला?"

"नाही. एका परक्या माणसानं वरून दोर सोडला. आणि दोरानं काखा सोलतील म्हणून आधी जुन्या चिंध्या खाली टाकल्या. म्हणाला, या काखेत धर."

"चिंध्या," बाबा म्हणाले. त्या सबंध पुस्तकातली बाबांना आवडलेली ती एकच गोष्ट.

पुढच्याच शनिवारी समितीनं सरकारला द्यायच्या एका मोठ्या निवेदनावर सह्या घ्यायचं ठरवलं. मजकूर माझा. चार पानं, स्वच्छ अक्षर. दुबेजींनी त्यात एक वाक्य घालायला लावलं: मिल दोन महिन्यांत सुरू करण्याचं आश्वासन आम्हाला मिळालेलं आहे. मी विचारलं, कुणी दिलं? ते म्हणाले, "बिटिया, लिखोगी तो देना पड़ेगा." मी लिहिलं. गेटवर टेबल मांडून सह्या सुरू झाल्या. मास्तर चालत आले, सगळी चार पानं उभ्यानं वाचली, आणि म्हणाले, "आज मी लिहीत नाही."

"क्यूँ, आज साढ़ेसाती है?" दुबेजी म्हणाले. हशा.

"आज शनिवार आहे."

मास्तर शनिवारी खात्यात नसायचे एवढं बऱ्याच जणांना ठाऊक होतं, पण त्या शंभरेक माणसांमध्ये त्या वाक्याचा पुरता अर्थ कळणारी दोनच माणसं होती, बाबा आणि मी. बाबा रांगेच्या टोकाला पाणी प्यायला गेलेले. मी टेबलाशीच बसले होते. मी म्हणू शकले असते, त्यांच्या धर्मात शनिवारी लिहीत नाहीत, ते उद्या करतील. एवढंच. पण मास्तरांचं बोट माझ्या मजकुरातल्या त्या एका वाक्यावर थांबलेलं मी पाहिलं होतं, पदरावर थांबलं होतं तसंच. मी मान खाली घालून पुढचं नाव पुकारलं.

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत झालं होतं. मास्तर मालकाचा माणूस. संध्याकाळी त्यांच्या सायकलची हवा कुणीतरी सोडली आणि नळावर हन्नाकाकूंना कुणी नंबर देईना.

रविवारी ते आमच्याकडे आले, पायी. चहा घेतला नाही. म्हणाले, "ग्रॅज्युएट, निवेदन दे. ते आश्वासनाचं वाक्य खोड, मी सही करतो."

"निवेदन गेलं," मी म्हटलं.

गेलं नव्हतं. माझ्या मागे, लोखंडी कपाटावर, घडी घालून ठेवलेलं होतं. सोमवारी द्यायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मास्तरांनी मान हलवली आणि बाबांकडे वळले. "वामन, दुसरं काम आहे. सांवेर रोडला कारखाना निघालाय, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या गोण्या विणतात. गोल साचे आहेत. साच्यावर हात बसलेली माणसं हवीत. पहिल्या तारखेला ये."

"गोण्या?" बाबांनी असं विचारलं की मास्तरांनी त्यांना भीक मागायला सांगितलंय.

त्यामागचं सांगायला हवं. जुन्या दिवसांत साच्यात आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातून तो दोरा तोंडानं ओढून काढायचे. एकाच धोट्याला सगळ्यांचं तोंड लागायचं, म्हणून आमच्या लोकांना साच्यावर घेतच नसत. पिंजण, झाडलोट, एवढंच. बाबा त्या खात्यात साच्यावर उभे राहिलेले आमच्यातले पहिले. त्यासाठी ते भांडले होते, मारही खाल्ला होता. धोतरजोडे विणायचे, इतके तलम की अंगठीतून जावेत. तो माणूस आता गोण्या विणणार? आणि तिकडे गेलं की गेटवरची सही खंडित. एवढं भांडून मिळवलेली साच्यावरची जागा स्वतःच्या पायांनी सोडून दिल्यासारखं.

"मी नाही येणार," बाबा म्हणाले. "दोन महिन्यांत आपली मिल सुरू होतेय."

"आमेन," मास्तर म्हणाले. "तोपर्यंत ये."

तेव्हा मी मध्ये पडले. "मास्तर, यात तुम्हाला काय मिळतं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "चांगला प्रश्न आहे," म्हणाले, चपला घातल्या आणि निघून गेले. बाबा त्यांच्या मागोमाग गल्लीच्या तोंडापर्यंत गेले.

दोन महिने गेले. दुबेजींनी दिवाळीनंतर म्हणून सांगितलं, मग इलेक्शननंतर म्हणून. घरात आईनं शिवणाचं मशीन दिवसभर चालवायला घेतलं होतं. बाबा सही करून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. त्यांचे हात झोपेतही हलायचे. मला एका वकिलाकडे टायपिंगचं काम मिळालं होतं, पण बाबा ऐन पन्नाशीत असे आडवे पडलेले बघून मला जी भीती वाटायची ती पगारानं जाणारी नव्हती. हा माणूस एकदा उठायचा बंद झाला की पुन्हा उठणार नाही, एवढं मला दिसत होतं. तरी मी त्यांना जा म्हटलं नाही. जा म्हणायचं तर माझ्या चार पानांतलं ते वाक्य खोटं आहे असं म्हणावं लागलं असतं.

मग बातमी आली की मास्तर त्या गोणीच्या कारखान्यात माणसं भरतात आणि माणशी काहीतरी घेतात. दुबेजींनी बाबांना सांगितलं, "वामनराव, बिटिया को लेकर जाओ, देखके आओ. सबूत लाओ, फिर इनको देखते हैं." मी वही घेतली. पुरावा लिहून आणायला ग्रॅज्युएटच हवी होती.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. आत गरम प्लॅस्टिकचा वास आणि गोल गोल फिरणारे साचे. मास्तर टेबलावर नव्हते. दाराशी मी विचारलं तर सुपरवायजरनं हात दाखवला. एका साच्यावर, बाह्या दुमडून, घामानं निथळत, एझ्रा मास्तर उभे होते. जन्मात कधी साच्याला हात न लावलेला माणूस. पट्टी तुटली की साचा थांबायचा, मास्तर चष्मा वर करून जोडायचे, चुकीची जोडायचे, साचा पुन्हा थांबायचा. शेजारी त्यांनी विणलेल्या कापडाचा ढीग. त्यात भोकंच जास्त. सुपरवायजर ओरडत होता, "अंकल! गोनी बनानी है, मच्छरदानी नहीं!"

मी सुपरवायजरला विचारलं, "यांना तपासायला घेतलं होतं ना?"

"चेकिंग भी करते हैं, सुबह. फिर इधर खड़े होते हैं. बोलते हैं मेरा बुनकर आने वाला है, मशीन किसी और को मत दो. रोज बोलते हैं, कल आएगा. ये मशीन लगे ग्यारह दिन हो गए. सेठ ने बोला है कल आखिरी."

मी वही उघडलीच नव्हती. बाबा त्या ढिगाजवळ गेले. एक तुकडा उचलला, उजेडासमोर धरला. त्यांचा चेहरा असा झाला की कुणीतरी त्यांच्या कानाशी बेसूर गातंय.

"मास्तर, हे काय आहे?"

मास्तर वळले. त्यांना आनंद झाला असेल तर त्यांनी तो दाखवला नाही. "कापड आहे."

"याला कापड म्हणता? इथं ताण नाही, इथं दोन पट्ट्या एकात गेल्यात, इथं... अरे, हे माणसाच्या हातचं आहे का!"

"मला कुठं येतं, वामन?"

"मग उभे कशाला राहिलात?" बाबा जवळजवळ ओरडले. "सरका. सरका बाजूला!"

मास्तर सरकले. बाबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, साचा थांबवला, चारी बाजूंनी एकदा फिरून पाहिला, आणि एका पट्टीचा ताण बोटानं तपासला. मग सुरू केला. पहिल्यांदा थांबला. दुसऱ्यांदा थांबला. तिसऱ्यांदा चालू राहिला.

"गेटवरच्या सहीचं काय करणार?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही गप बसा हो जरा," बाबा म्हणाले.

दुबेजींना मी सांगितलं, पुरावा मिळाला नाही. ते खरंही होतं. दुबेजी वाईट नव्हते. एवढ्या लोकांना रोज रिकाम्या हातानं घरी पाठवणं त्यांच्यानं होत नव्हतं, म्हणून ते तारखा द्यायचे. मिल काही सुरू झाली नाही. बाबा बारा वर्षं गोण्या विणत राहिले. त्या कामावर त्यांनी कधी प्रेम केलं नाही, पण भिंतीकडे तोंड करून ते पुन्हा झोपले नाहीत.

मी मास्तरांकडून ते पुस्तक मागून घेतलं आणि सगळं वाचलं, पेन्सिल हातात धरून, खोट शोधत. खोट बरीच सापडली. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, आणि राग तर इतका की वाचणाऱ्याला दमायला होतं. पण एक गोष्ट लक्षात आली. या लोकांच्या आशेला जवळची तारीख नसते. असलीच तर सत्तर वर्षं, म्हणजे ऐकणारा मरून जाईल इतकी लांब. ती ऐकून कुणी टाळ्या वाजवणार नाही. मग ती सांगायची कशाला? मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "तोवर कामाला लागता यावं म्हणून." मला हे पूर्ण पटलेलं नाही. परमेश्वर बोलतो हे तर अजिबात नाही. पण मी तेव्हापासून कुठल्याही कागदात कुणाच्या तोंडचं आश्वासन पुराव्याशिवाय लिहिलेलं नाही, आणि वकिलाकडे माझी त्याबद्दल ख्याती आहे.

हन्नाकाकू गेल्यावर काही वर्षांनी मास्तर मुलीकडे ठाण्याला राहायला निघाले. बाबा आणि मी स्टेशनवर गेलो. मास्तर खिडकीशी बसले होते, मांडीवर पिशवी. बाबा पाण्याची बाटली भरायला नळावर गेले. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. मला त्यांना कपाटावरच्या त्या निवेदनाचं सांगायचं होतं. घरून तसं ठरवूनच निघाले होते. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मास्तर, त्या कारखान्यात माणसं नेली, त्यात तुम्हाला काय मिळत होतं?"

"किती वर्षं लागली तुला पुन्हा विचारायला!" ते हसले. "नोकरी मिळत होती. सेठ म्हणाला होता, तीन विणकर आणलेस तर तुला तपासायला ठेवतो. दोन मिळाले. तिसरा रुसून बसला होता."

"म्हणजे तुमचा स्वार्थ होता."

"होता की. मला काय पोट नव्हतं?"

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"वामनला सांगितलं होतं. तू विचारलंस त्याच रविवारी, गल्लीच्या तोंडाशी. तुला नाही सांगितलं, तू लिहून घेतलं असतंस."

मी नळाकडे पाहिलं. बाबा भरलेली बाटली पुन्हा रिकामी करून पुन्हा भरत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

गाडी हलली. बाबांनी धावत येऊन बाटली खिडकीतून दिली. मास्तरांनी ती घेतली, आम्हाला हात केला की नाही आठवत नाही, कारण डबा पुढे सरकला तेव्हा ते समोरच्या बाकावरच्या माणसाकडे वाकून, बोट वर करून, काहीतरी सांगायला लागले होते. तो माणूस मान डोलवत होता. आणि मान डोलवता डोलवताच त्यानं पायाशी ठेवलेली आपली बॅग उचलून हळूच मांडीवर घेतली.